पाव इंच

क्लासची फी शर्वरीनं भरली होती.
मग तिला रात्रपाळी लागली, फी परत मिळेना,
म्हणून मंगळवारी मी गेलो.
सीडर रॅपिड्सच्या ग्रंथालयाचं तळघर,
बारा बायका आणि मी.
डार्लीन नोव्होत्नीनं माझे हात उलटसुलट पाहिले,
बाजारात वांगी पाहावीत तसे,
आणि म्हणाली, पाव इंच.
शिवण नेहमी पाव इंच. बाकी देव बघेल.

बार्शीला फोन लावला तर आधी हसू आलं, मग आई.
"पैसे देऊन गोधडी?
आणि कापड नवं?
कोरं कापड आणून त्याची ठिगळं करायची नि परत जोडायची?
अरे, फाटू तरी द्या आधी!"
मग जरा थांबून, "थंडी किती आहे?"
उणे एकोणीस, मी म्हटलं.
"मग शीव."

घरात मशीन आहे. पण शर्वरी दिवसा झोपते,
आणि पॅडल दाबलं की
दोन खोल्यांपलीकडे पलंग थरथरतो.
म्हणून हातानं. धावदोरा.
डिसेंबरपासून माझ्याकडे दुपारी पुष्कळ आहेत.
कुकरच्या शिट्ट्याही आम्ही बंद केल्यात,
डाळ उघड्या पातेल्यात शिजते, तासभर.
तेवढ्यात एक चौकोन होतो
किंवा डाळ लागते.
एकदा दोन्ही झालं.

गार्गी अपूर्णांकांची वही घेऊन शेजारी बसते.
"बाबा, पाव आणि पाव?"
अर्धा, मी म्हणतो. तो दिसत नाही,
शिवणीच्या आत राहतो.
हे उत्तर शाळेत चालणार नाही, असं तिचं मत.

कपाटाच्या तळाशी शेवटी फाटकं सापडलं.
शर्वरीचे निळे स्क्रब्ज, खिशाखाली शाईचा डाग,
जो मी मुद्दाम मधोमध घेतला.
गार्गीचा फ्रॉक, कोपरात विरलेला.
माझा मुलाखतीचा शर्ट,
तो फाटलेला नव्हता.
तरी कापला.

फेब्रुवारीत तिसऱ्या ओळीतला चौकोन उलटा बसला.
"उसव," डार्लीन म्हणाली,
आणि खिशातून एक इवलासा काटा काढून दिला,
टोकाला लाल मणी.
दर तिसरा टाका कापायचा.
मग दोरा ओढायचा.
कापड ओढायचं नाही, कितीही घाई असो.

त्याच रविवारी मी म्हणालो होतो,
"तू घरी असतेस तरी कधी?"
आणि ती बूट काढता काढता, अगदी हळू,
"तू तर सदाच असतोस."
गार्गीनं वही मिटली होती.

बुधवारी सकाळी सात. ती आली,
बर्फ पायपुसण्यावर झटकून.
मी चहा पुढे केला. म्हटलं, रविवारचं ते...
"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.
सगळा प्यायली.

उसवल्या जागी बारीक भोकं राहतात.
धुतलं की मिटतात, असं डार्लीन म्हणते.
अजून धुवायला टाकलेली नाही.
अजून कडा नाहीत, एका बाजूनं अस्तर लोंबतंय,
कापूस डोकावतोय.
आईला फोटो पाठवला. उत्तर आलं,
"टाके मोठे आहेत. पण सरळ आहेत."
अर्ध्या तासानं दुसरं,
"तो निळा तुकडा कुणाचा?"

आज दुपारी डाळ लावून खोलीत डोकावलो
तर शर्वरी ती अर्धवट गोधडीच ओढून झोपलेली,
डाग हनुवटीपाशी, पाय उघडे.
काल रात्री सुई मी त्यातच खोचून ठेवली होती.
नेमकी कुठे, आठवत नाही.
दाराशी उभा राहून
पांढऱ्यावर पांढरा दोरा शोधतो आहे.
तिकडे डाळ.
पाऊल न वाजवता एक चौकोन पुढे,
मग अजून एक.