रंग कोणता होता

रात्री तीनला आवाज आला.
कूलरचा नव्हता, त्याची घरघर आता ऐकूच येत नाही.
हा हबकत होता,
कोरड्या हापश्याला कुणी जोर लावावा तसा,
हुक्क, हुक्क,
आणि मग फरशीवर सपकन काहीतरी.

दिवा लावला तर ढेमसा
कोपऱ्यात तोंड करून उभा,
जसं दुधाचं पातेलं त्यानंच लवंडलं.

गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत
मे महिन्यात भिंतीही रात्रभर
दिवसा प्यालेलं ऊन ओकत असतात.
मी बादली उचलली.
आमच्या घरची रीतच ती :
ओकलं की आधी पाणी ओता.

"पुसू नको काकू, आधी पाह्य!"
वरच्या मजल्यावरचा प्रज्योत
बनियनवरच खाली आला, मोबाइलचा उजेड धरून.
जनावरांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे पोरगा.
"रंग कोणता? फेस हाय का पित्त?
पोट हाललं का नुसतंच घरंगळलं?
किती खेपा? मधात पाणी पेला?"

गुडघ्यांवर बसून मी त्या रात्री शिकले
की परत येणं वेगळं, ओकणं वेगळं.
न जिरता, जोर न लावता, जसंच्या तसं बाहेर पडतं
ते बहुधा अन्ननळीचं दुखणं.
पोट आखडून येतं ते त्याच्याही खालचं.
पिवळं पाणी कधी नुसत्या रिकाम्या पोटाचं असतं,
एकदाच झालं, कुत्रं शेपूट हलवतंय, तर वाट पाहता येते.
पण लाल दिसलं,
किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट,
तर चप्पलसुद्धा शोधायची नाही, ऑटो शोधायचा.
ओठ वर करून हिरडी दाबायची,
पांढरी झालेली जागा
दोन मोजेपर्यंत गुलाबी व्हायला हवी.
मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडायचं,
तंबूसारखं उभंच राहिलं तर अंगातलं पाणी आटलंय.

ढेमस्याचं कातडं
सावकाश, फार सावकाश खाली बसलं.

आणि त्या पिवळ्या पाण्यात
गवताचा गुंता होता.
कूलरच्या जुन्या ताट्या.
रविवारी बदलल्या, अंगणात टाकल्या.
मीच टाकल्या.

"आतमधी अजून असंल," प्रज्योत म्हणाला,
आणि पाचव्या खेपेनंतर काहीच म्हणाला नाही.

दवाखान्यात मेंढे बाईंनी पोट चाचपलं, फोटो काढला,
सलाईन लावली, वहीत लिहिलं :
ओकारी पाच. पिवळी. गवत.
एवढंच. एका ओळीत मावलं सगळं.

त्या ओळीकडे पाहताना मला बापू आठवले.
मागाचा खटका मध्येच थांबायचा,
बापू लोटा घेऊन मोरीत जायचे,
भडाभडा पाणी ओतून परत यायचे.
"उष्णता झाली," म्हणायचे, आणि खटका पुन्हा सुरू.
अख्खा उन्हाळा.
आम्ही त्यांना सब्जा दिला, गुलकंद दिला,
डोक्याखाली कांदा ठेवला.
किती खेपा, रंग कोणता,
कोणीच विचारलं नाही.
त्यांना तर बोलता येत होतं.
मोरी आमची कायम स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
ढेमस्यानं उरलेला गोळा ओकून टाकला,
चिरफाड टळली.
बाईंनी सांगितलं ते मी भिंतीवर लिहून ठेवलं :
रात्रभर खायला नाही.
पाणी चमच्या-चमच्यानं, बर्फाचा खडा चालेल.
सकाळी मऊ भात, उकडलेली कोंबडी,
मीठ नाही, कांदा नाही, रस्सा तर नाहीच.
थोडं थोडं, चारदा.
आणि माणसांच्या डब्यातली एकही गोळी नाही.
रात्रभर तो रिकाम्या ताटलीपाशी बसून
माझ्याकडे असा पाहत होता
की माझ्याच घशाखाली घास उतरेना.

आज पहाटे पुन्हा थोडं पिवळं. एकदाच.
बादली मोरीतच राहू दिली.
खाली बसले, चष्मा लावला, पाहिलं.
गवत नाही, रक्त नाही.
हिरडी दाबली, एक, दोन, गुलाबी.

ढेमसा तोवर
कूलरच्या नव्या ताटीचा वास घेत होता.