दोनशे बारा

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी जिनपाल मगदूम आला,
चपला दाराबाहेर काढून,
वर्गात उशिरा यायचा तसा.
मागं पोरं नव्हती. गळ्यात उपरणं नव्हतं.
हातात अर्धा किलो भडंग.
"सर, दोनशे बारानं गेली. का गेली?
तुम्हीच शिकवलं हुतं की,
ब्रिटिश राजकारण, पेपर चौथा."

एकतीस वर्षं हरभट रोडवरून सायकल मारत जाऊन
मी एका न पाहिलेल्या बेटाच्या निवडणुका शिकवल्या.
थेम्सचं पाणी पाहिलं नाही.
कृष्णेचं पाहिलं,
आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपाशी.
त्या रात्री जिनपालच होडी घेऊन आला होता.
माझ्या आईला पाठुंगळी घेतलं त्यानं,
आणि परत फिरून
शेजारच्यांची शेळी.

म्हणालो, पंचेचाळीस साल आठव.
युद्ध जिंकलेला माणूस.
अख्खा देश रेडिओला कान लावून
त्याच्या आवाजावर जगलेला.
गाडी जाईल तिथं गर्दी, टाळ्या, टोप्या हवेत,
आणि मत दुसऱ्याला.
लढाई मागं पडली होती रे.
आता घर पाहिजे होतं, दवाखाना पाहिजे होता,
परतलेल्या पोराला काम.
आभार वेगळे, मत वेगळं.
होडीला मत पाणी असेतोवर.

"गटारंपण केली की, सर."
केलीस.

आतून आईनं विचारलं, कोण आलंय, होडीवाला?
त्याला चहा दे.

मग मी एकोणऐंशीचा हिवाळा काढला,
संप, चौकात कचऱ्याचे ढीग,
एका शहरात मयतं पुरायला माणूस मिळेना
आणि सरकार म्हणतंय, बाहेरून बघा,
एवढं काही बिघडलेलं नाही.
ब्याण्णवचं काढलं:
एप्रिलात निवडून आले, सप्टेंबरात
एका बुधवारी पौंड कोसळला.
पुढं महागाई उतरली, कामं वाढली,
तरी आकडे कोण ऐकतंय?
कर्ता माणूस एकदा खोटा पडला
की त्यानं आणलेली भाजीसुद्धा
घरातले हुंगून बघतात.

जिनपाल भडंगातले शेंगदाणे
बाजूला काढत होता, खात नव्हता.
"आणि जिंकतात ती कशानं?"
हप्त्यावर का होईना, घरात फ्रिज आला म्हणून.
समोरचे आपसात भांडत बसले म्हणून.
कधी नुसता चेहरा बदलून,
पाटी तीच, दुकानदार नवा.
"म्हणजे आपल्या हातात कायच नाही."
आयर्विन पुलावर फुटांचे आकडे रंगवलेत, बघितलेस ना.
पाऊस पडतो महाबळेश्वरात,
दरवाजे उचलतात कोयनेचे,
आकडा चढतो आपल्या इथं
आणि शिव्या खातो तो
काठावर उभं राहून मोजणारा.

हे मला छान जमलं असं वाटलं.
एकतीस वर्षं असंच वाटायचं, तास संपताना.

त्यानं विचारलं नाही मी कुणाला दिलं.
विचारलं असतं तर काय सांगणार होतो?
की नळ रात्री अडीचला येतो?
तेही खरं नाही, त्याची सवय झालीय.
खरं इतकंच, की कोपऱ्यावरच्या फलकावर
बारा वर्षं तोच फोटो, हात जोडलेला,
माझे केस गेले, त्याचे फोटोतले काळेच,
आणि त्या सकाळी बोट आपसूक
रेश्मा बागवानच्या बटणावर गेलं.
ती कोण, मला नीट माहीतही नाही.
माझ्या नोट्सच्या चार वह्यांत
हे कारण कुठंच नाही.

भिंतीवरच्या पिवळ्या रेघेला,
पाणी चढलं होतं तिथवर,
जाताना त्यानं हात लावला.
चपला घालता घालता, खाली बघूनच म्हणाला,
"दोनशे दहा असते तरी हरलोच असतो, सर."

तो मारुती चौकाकडं वळेपर्यंत
मी हिशेब करत उभा होतो.