परवाना

उम्म अल कुवैनच्या खाडीवर
शुक्रवारी एसीचे डक्ट विसरून
मी गरी टाकतो.
खिशात परवाना. फोटोत मी चोरासारखा.

बापूस फोनवर हसला,
"गाबताच्या पोरान दर्याक भाडा दिल्यान?"

दिलं. त्या पैशांतून
धक्क्याला कठडा आला, दोन दिवे,
चाकांची खुर्ची जाईल असा उतार.
परकारचाचा त्यावरून येतात,
मांडीवर आमिषाचा डबा.

सतरा वर्षं.
या देशात खाटसुद्धा कंपनीची,
पण या फळ्यांतला एखादा खिळा
माझा असेल.

आज गोबरा लागला. वीतभरच.
पट्टीला पुरला नाही, सोडला.

बापूस गप्प. मग म्हणाला,
"हय आता तेवढेय गावनत नाय."