मिळाली कशी?

मंगळवारी किल्ली माझ्याकडे असते.
आधी ओल खेचणाऱ्या यंत्राची बादली रिकामी करायची,
रात्रभरात पावणेदोन लिटर.
चारशे वर्षांचं पाणी अजून संपलेलं नाही या भिंतींतलं.
मग झरोक्यातल्या मेलेल्या माश्या,
मग चहाच्या पिंपाचं बटण,
मग तळमजल्यावरच्या प्लास्टरच्या गाईला
गुड मॉर्निंग.

खाली गुरं, वर माणसं.
मधे शिडी, अंधार पडला की वर ओढून घ्यायची.
दाराच्या बरोब्बर वर, भिंतीत एक भोक.
शाळेतली पोरं विचारतात, उकळतं तेल ओतायचे ना?
पाणी, असं सांगितलं की हिरमुसतात.
बाहेरचे दाराला आग लावायचे,
आतले विझवायचे.
आणि पुढच्या अमावास्येला आतले बाहेर पडायचे
दुसऱ्या कुणाच्या दाराकडे.

आम्ही अकरा जण, सगळे बिनपगारी.
विनिफ्रेड मिलबर्न पाट्या लिहिते,
लोकांना त्या छापील वाटतात, तिला राग येतो.
ऑस्विन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी छपरावर चढतो
धुराड्यात कावळ्यांनी कोंबलेल्या काटक्या काढायला,
खाली शिडी धरून त्याची बायको त्याला शिव्या घालते.

त्या मंगळवारी एकच माणूस आला.
मेंढ्यांच्या बाजाराचे बूट, हातात सुपरमार्केटची पिशवी,
पिशवीत टॉवेल, टॉवेलात
गाईच्या गळ्यातली घंटा. लोखंडी. जीभ नसलेली.
'मी डॉड,' म्हणाला, 'टेकडीपलीकडचा.'
जसं काही त्याच्या नाकावरून मला कळलं नव्हतं.
'आत्या म्हणायची, ही तुमची. रॉबसनांची.
गाई खाऊन टाकल्या. घंटा राहिली.'

मी नोंदवही काढली.
वस्तू: घंटा. उंची: अकरा सेंटिमीटर.
मिळाली कशी: देणगी, उसनी, विकत.
यातल्या एकावर खूण करा.
पेन तिन्हींवरून फिरलं, कुठेच टेकलं नाही.
आमच्या घरातलं काय काय त्यांचं असेल,
हेही तेवढ्यात मनात येऊन गेलं.
माजघरातली ती मोठी कढई, उदाहरणार्थ.
मी काही बोलले नाही.

पुढे न्यूकॅसलहून एक तज्ज्ञ बाई आल्या,
घंटा उलटी केली, भिंग लावलं,
म्हणाल्या, फार तर दीडशे वर्षांची.
डॉडला कळवायचं का, यावर बैठकीत पाऊण तास गेला,
बिस्किटं संपली.
शेवटी विनिफ्रेडनं कुणालाच न विचारता पाटी लिहिली:
घंटा. परत आली.
ऑस्विननं ती प्लास्टरच्या गाईला बांधली, थोडी सैल.

पण त्या दिवशी निघताना
तो माणूस उंबऱ्यात थबकला होता,
मान वर करून भोकाकडे बघत,
एक पाय आत, एक बाहेर.
मी म्हटलं, जा बिनधास्त,
आज पाणी चहाला ठेवलंय.
मग तो गेलाच नाही, लगेच.