नोंद बाद

तार्तूमधल्या या तळघरात माझं काम एवढंच:
बाळानं मान वळवली की कळ दाबायची.
काळ्या काचेच्या पेटीत ससा आहे, पत्र्याचा ढोल घेतलेला.
आवाज खरंच बदलला असेल तरच तो उजळतो,
नाहीतर माझी कळ मुकाट वाया जाते.
मला काही कळू नये म्हणून माझ्या कानांवर अकॉर्डियन,
मांडीवर घेऊन बसलेल्या बापाच्याही.
खोलीत ऐकणारं माणूस एकच,
सहा महिन्यांचं,
दुपट्याचं टोक चघळणारं.

मेएली तिचं नाव.
स्पीकर तिला सांगत राहतो: सदा. सदा. सदा. साऽदा.
आमच्यात पहिलं म्हणजे शंभर, दुसरं म्हणजे पाठव,
आणि आणखी थोडं ताणलंत, साऽऽदा, तर मिळणं.
पाठव आणि मिळणं
यांच्यामध्ये अर्धा श्वास.
मान वळते. ससा बडवतो.
पुन्हा वळते. पुन्हा बडवतो.

रोदिओन नार्वाकडचा, तेलखडकाच्या खाणीतला.
"मला यातले दोनच ऐकू येतात," नंतर म्हणाला,
"चाळीस वर्षं झाली इथे जन्मून.
पोस्टातली बाई अजून हसते."

मी म्हटलं, तिला अजून सगळंच ऐकू येतं,
जे घरात आहे ते, जे या देशात कुणी बोलत नाही तेही.
वर्षाच्या आत कानाला चाळण लागेल,
रोजचं तेवढं वर राहील, बाकीचं गळेल.
गळणं वाईट नाही.
आम्ही त्यालाच शिकणं म्हणतो.

त्यानं टोपी दोनदा उलटीसुलटी केली.
"माझं?"
म्हणजे काय, ते कळायला मला वेळ लागला.
घरी तो गप्पच असायचा. लेलोनं, तिच्या आईनं, बोलावं,
पोरीचा गोंधळ नको.
पोटात होती तेव्हा मात्र तो फोनवर बोलायचा, आपल्या आईशी, मोठ्यानं.
शेजारचं भांडण भिंतीतून यावं
तसा तो पोचला असेल तिच्यापर्यंत:
शब्द नाहीत, नुसते चढउतार.

"दिलंत तर राहील," मी म्हटलं.

मार्चमध्ये नदीवरचा बर्फ तडकला, तेव्हा तो एकटाच आला तिला घेऊन.
अकरा महिने. दोन दात.
या खेपेला यादीत त्याच्या भाषेची जोडी होती.
ऊगल म्हणजे कोपरा.
ऊगल्य म्हणजे कोळसा.
मला विचाराल तर शब्द एकच. ध्वनिफीत दहादा लावली,
शेवटी जीभ टाळूकडे जराशी उचलते, असं वाचलंही,
कानात काही शिरलं नाही.

अकॉर्डियन सुरू. तिकडे
कोपरा, कोपरा, कोपरा चाललं असणार.
मेएलीनं मान वळवली,
पण पेटीकडे नाही.
मागे, वर, बापाच्या तोंडाकडे,
आणि त्याच्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं:
हे तुझ्याकडचं, तिकडे कसं गेलं?

ससा अंधारातच राहिला.
पेटीकडे वळलेली मानच धरायची, असा नियम आहे.
तक्त्यात लिहिलं: नोंद बाद.
नंतर यंत्राचा कागद पाहिला. त्या क्षणी
नेमका कोळसा होता.

रोदिओनला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.
त्याला वाटलं, भूक लागली.
खिशातून काळ्या पावाचा सुका तुकडा काढला,
त्यावरची तंबाखू फुंकली,
आणि दिला.