गॅसच्या बिलाच्या पाठीवर

पहिली युक्ती ईशानची, वय वर्षं चार.
बापाचा दाढीचा फेस त्यानं
बाथरूमच्या आरशाला फासला, हात पोचेल तिथवर,
आणि मी ओरडत ओरडत पुसून काढला.
दुसऱ्या दिवशी कढत पाण्यानं खोली वाफेनं भरली,
आरशाचा खालचा अर्धा भाग मात्र लख्ख.
वाकून दात घासताना त्यात माझं तोंड दिसलं,
कालच्या ओरडण्याबद्दल जरासं ओशाळलेलं.

डंडीत आले तेव्हा वाटायचं,
घर चालवायचं सगळं कुणीतरी आधीच शोधून ठेवलेलं असतं,
आपण फक्त विचारायचं.
हिलटाऊनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
खाली टे नदी शिशाच्या रंगाची,
आणि फोनवर सासूबाई:
डाळीत किडे? उन्हात ठेव.
गादीला वास? उन्हात ठेव.
मी म्हणायचे, हो.
ऊन इथे कुठल्या दुकानात मिळतं
ते विचारायचे नाही.

मग आपसूकच हाती लागत गेलं एकेक.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणतात तसं.
इथे सीगल बसतो,
तोही आधी आपल्या हातातले चिप्स उचलून.

पेला फुटला त्या रात्री मी काचा वेचल्या,
दोनदा पुसलं, आणि दमून खायला घेतलेला पाव
नेमका तिथेच पडला.
उचलला तर त्याच्या मऊ अंगात चमचम:
डोळ्यांना न दिसलेलं,
उद्या पावलांना बरोबर सापडलं असतं ते सगळं.

कोटाची चेन अडकली, बस यायला तीन मिनिटं.
खिशात ईशानच्या केकवरची मेणबत्ती होती,
चिडून तीच घासली चेनवर,
आणि चेन सरकली, लोण्यासारखी.
बस गेली. ते वेगळं.

सगळं लिहीत गेले गॅसच्या बिलाच्या पाठीवर;
पुढून बिल बघवत नाही.
सगळ्याच चुकांची युक्ती होत नाही म्हणा.
लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात टाकला,
होता बापाचा, आला मुलाला.
याच्यापुढे अजून प्रश्नचिन्हच आहे.

समोरच्या दारात मोइरा गेडिस, एक्याऐंशीची.
ऐन तारुण्याची सतरा वर्षं तागाच्या गिरणीत,
त्यामुळे बोलायची मोठ्यानं, यंत्रावरून ओरडल्यासारखं.
"तुझं ते पिवळं सूप शिकव," म्हणाली.
वरणाला सूप म्हटलेलं मी सोडून दिलं.
हळद तिनं चमच्यानं नाही, चिमटीनं घेतली,
बरीच घेतली,
आणि हात पुसला माझ्या पांढऱ्या टॉवेलला.
पाच बोटं, स्पष्ट.

सोडा लावला. लिंबू लावलं. व्हिनेगर लावलं.
डाग हलेना.
मोइरा हसली: "तागाचं तेलही असंच.
लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्या नखांत होतं."

फेब्रुवारीत तिचं दार बंद झालं.
नव्या भाडेकरूनं नावाची पितळी पाटी काढली,
राहिली स्क्रूंची चार भोकं.
भोकं टूथपेस्टनं बुजतात, मला माहीत आहे.
मी त्याला सांगितलं नाही.

मग मे महिन्यात एका शनिवारी
चुकून ऊन पडलं.
सगळा जिना धावला मागच्या हिरवळीवर,
खांब ते खांब दोऱ्या भरल्या,
मीही हाताला लागेल ते टांगलं: चादरी, अभ्रे, टॉवेल.
संध्याकाळी घड्या घालताना तो टॉवेल
उलटा केला, सुलटा केला, दिव्याखाली धरला.

पाच बोटं नव्हती.

फोनवर सासूबाई खूश:
"मी सांगत होते ना!"
हो, म्हटलं.

मग बिल पालथं केलं
आणि उरलेल्या जागेत लिहिलं:
हळदीचे डाग उन्हात जातात.
आणि खाली, बारीक अक्षरात:
ठेवायचे असतील तर
कपडा घरातच वाळवावा.