नोंद क्रमांक ११७

खानापुरात, वाचनालयाच्या माडीवर
तीन कपाटं, एक खिडकी आणि मी.
पगारपत्रकावर अभिरक्षक,
गावात 'मोडक्या भांड्यांचा मास्तर'.
डांबरगोळ्या बदलतो, वाळवीची वाट पुसतो,
मलप्रभेकडून ओल आली की
रजिस्टरं पंख्याखाली मांडतो.

एकशे सतरा : बांबूची नळी, हातभर,
एक टोक तिरकं कापलेलं. देणगीदार : माहीत नाही.
कार्ड मीच लिहिलं, नऊ वर्षांपूर्वी,
वर कन्नड, खाली मराठी,
अक्षरं फूटपट्टी लावून एका मापाची :
'फुंकून वाजवायचे वाद्य. कडेला नक्षी, अपूर्ण.'
शाळेची मुलं आली की सांगायचो,
कारागीर बहुधा मध्येच उठून गेला.
मुलं हळहळायची.

काल नंदगडच्या धोंडक्का घाडी आल्या.
नातीच्या दाखल्यासाठी तहसीलला आलेल्या,
तिथं जेवणाची सुट्टी, म्हणून वर.
चपला जिन्यात काढून, हात मागे बांधून
कपाटापुढे थांबल्या. मग पदर तोंडाला.
"वाजवून बघितलास काय रे?"

बघितलं होतं. पहिल्याच वर्षी, दार लावून.
सूर नव्हता. जिभेवर काहीतरी कडू.

"बैलाला काढा पाजायचा गोट्टा हाय हा.
मान वर धरायची, ओठाच्या कोपऱ्यातनं सारायचा.
आमचा भुंड्या चावायचा बघ.
नक्षी एकाच अंगाला का, म्हणतोस?
बैलाला पुढं वरचे दात असतात काय?"

कुलूप काढलं. मी हातमोजे घातले,
त्यांना द्यायचं सुचलंच नाही.
त्यांनी नळी उजव्या हातात धरली,
डाव्याने हवेतला एक जबडा उघडला,
आणि माझ्या पुसलेल्या फरशीवर
एक जनावर मान झटकत उभं राहिलं.

नवीन कार्ड घेऊन बसलो.
गोट्टा वरच्या ओळीत लिहू की खालच्या?
"बैलाला विचार," त्या म्हणाल्या.
दोन्हीकडे लिहिलं. नक्षीच्या जागी दात.
जुनं कार्ड फाडलं नाही, मागे खोचलं,
आपलीही एक वस्तू असू दे संग्रहात,
तारखेसकट.

तहसील उघडलं असेल म्हणत त्या उठल्या.
मी कपाट लावता लावता
एकशे अठराकडे बघितलं :
लाकडी, वाटोळं, मधे भोक. 'खेळणे', माझंच अक्षर.
"धोंडक्का, जरा —"
जिन्यात चपला नव्हत्या.